मोबाइल समोर नसला तर मुलगी घासच घेत नाही. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : कोथरूडची आई

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी २६ महिन्यांची आहे. समोर मोबाइल लावल्याशिवाय ती जेवताना तोंड उघडत नाही, आणि हे आता तिन्ही त्रिकाळ झाले आहे. सुरुवात कशी झाली ते मला नीट आठवते. अकराव्या महिन्यात तिला ताप येऊन गेला होता, तोंडाला चव नव्हती, दोन दिवस पोटात फारसे काही गेले नव्हते. तेव्हा सासूबाईंनी बडबडगीतांची चित्रफीत लावली आणि तिने अर्धी वाटी मऊ भात खाल्ला. त्या अर्ध्या वाटीचा आम्हा सर्वांना इतका आनंद झाला की ताप उतरला तरी चित्रफीत काही उतरली नाही.

आज एका जेवणाला पाऊण तास लागतो. ती पडद्याकडे पाहत असते, आम्ही घास पुढे केला की तोंड उघडते, घास गालात धरून ठेवते, आणि मध्येच जाहिरात लागली की तेवढ्यात गिळते. परवा जेवण झाल्यावर मी तिला विचारले, "आज काय खाल्लंस?" तर ती गाण्यातल्या सशाबद्दल सांगू लागली. वाटीत मेतकूट-भात होता, तो तिच्या आवडीचा आहे, आणि तो आपण खाल्ला हे तिच्या गावीही नव्हते. त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही.

घरची व्यवस्था सांगते. मी आणि यजमान दोघेही नोकरी करतो. मला सव्वाआठला चांदणी चौकातून हिंजवडीची बस धरावी लागते आणि परत यायला संध्याकाळचे सव्वासात होतात. दिवसभर मुलगी सासूबाईंजवळ असते, दुपारी मदतीला एक मावशी येतात. तिचा दिवस असा : उठल्यावर बाटलीभर दूध, साडेनऊला उपमा किंवा नाचणीची लापशी, साडेबाराला वरण-भात-तूप, पाच वाजता पुन्हा दूध, रात्री दुधात कुस्करलेली पोळी किंवा मऊ खिचडी, आणि झोपताना पुन्हा एक बाटली. जन्माच्या वेळी तिचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते, पहिल्या वाढदिवशी साडेआठ किलो, आणि आता १० किलो ९०० ग्रॅम आहे. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे. सासूबाई म्हणतात पोर हडकली आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही कधीकधी तसेच वाटते.

मला विचारायचे आहे ते असे. मोबाइल एकदम बंद करावा की हळूहळू? ती उपाशी राहिली तर किती वेळ थांबावे? आणि तिसरा प्रश्न मला या दोन्हींपेक्षा अवघड वाटतो : सासूबाईंना हे कसे सांगावे? दिवसभराचा भार त्या उचलतात, त्यांचे गुडघे दुखतात, आणि मी संध्याकाळी घरी येऊन नियम सांगू लागले तर ते मलाच शोभणार नाही.

उत्तर : शनिवार पेठेतील वाचक

प्रश्न दीर्घ असला तरी उत्तर एका ओळीचे आहे : मोबाइल बंद करावा. भूक लागलेले मूल जेवते. आमच्या वेळी आम्ही पाच भावंडे एका पंक्तीला बसत असू, आणि ज्याने "मला नको" म्हटले त्याच्या वाटचे पिठले दुसऱ्याच्या भाकरीवर जात असे. कोणीही कुपोषित झाले नाही. तीन प्रौढ माणसांना एका दोन वर्षांच्या मुलीपुढे हार मानावी लागते, याचे मला नवल वाटते.

उत्तर : बालवाडीच्या निवृत्त बाई

वरील गृहस्थांचे म्हणणे चुकीचे नाही, पण पाच भावंडांची पंगत आज त्या घरात कोठून आणायची, हे त्यांनी सांगितलेले नाही. नेमकी तीच गोष्ट इथे कामाची आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मी बत्तीस वर्षे पुण्यात बालवाडीत शिकवले. "आमचा मुलगा घरी काहीच खात नाही, तुम्ही तरी बघा" असे सांगून जाणाऱ्या आयांची संख्या मला मोजता येणार नाही. तीच मुले मधल्या सुट्टीत सतरंजीवर रांगेत बसून, शेजारच्याच्या डब्यात डोकावत, निम्मे खाली सांडत, पण आपल्या हाताने डबा संपवीत असत. त्यात आमची काही किमया नव्हती. तिथे सर्वजण खात होते, कोणी कोणाच्या तोंडाकडे टक लावून बसलेले नव्हते, आणि ठरावीक वेळाने डबे बंद होत होते. घरी मात्र बहुतेक वेळा मूल एकटे जेवते आणि बाकीचे त्याला जेवताना पाहतात. मोठ्या माणसाला असे एकट्याला बसवून तिघांनी त्याचे घास मोजले, तर त्याचीही भूक मरेल.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी की, मुलीला आधी जेवू घालून मग आपण जेवायचे, ही पद्धत सोडावी. दुपारी सासूबाईंनी आणि तिने एकाच वेळी, शक्यतो जमिनीवर, आपापले ताट घेऊन बसावे. एका जेवणापासून सुरुवात करावी आणि ते जेवण तुम्ही घरी असताना, म्हणजे शनिवारी किंवा रविवारी असावे, म्हणजे पहिल्या रडारडीचा भार सासूबाईंवर पडणार नाही.

दुसरे असे की, तिला काम द्यावे. तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानांच्या आसपास खऱ्या स्टीलच्या अगदी लहान वाट्या, पळ्या आणि तांबे मिळतात. दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या लहान वाटीत वरण वाढून घेणे, लिंबाची फोड पिळणे, सर्वांच्या ताटात मीठ ठेवणे यात जो रस वाटतो, तो पडद्यावरच्या सशात वाटणार नाही. मी नवीन काही सांगत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलाला त्याच्या हाताने करू द्यावे हे आपल्याकडे तेव्हापासून सांगितले जाते, तरी आपण चमचा काही हातातून सोडत नाही.

सांडेल, हे गृहीत धरावे. खाली जुनी साडी अंथरावी आणि जेवण होईपर्यंत तिचे तोंड, हात, कपडे काहीही पुसू नये. दर घासाला रुमाल फिरवणारी आई मुलाला जेवणाचा कंटाळा आणते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

उत्तर : सहकारनगरची आजी

मी या प्रश्नातल्या सासूबाईंच्या जागी आहे, म्हणून लिहिते आहे. माझा नातू आता चार वर्षांचा आहे आणि त्याला जन्मापासून मीच सांभाळले. असल्या चर्चेत शेवटी खापर आजीवर फुटते, हे मी पाहत आले आहे. साठी ओलांडलेल्या बाईच्या मांडीवर बारा किलोचे मूल असते, गॅसवर दूध असते, दाराशी कुरिअरवाला असतो आणि गुडघा वाकत नसतो. अशा वेळी मोबाइल हा तिचा तिसरा हात असतो. तो काढून घ्यायचा असेल तर त्या जागी काय देणार, ते आधी सांगावे.

मात्र एक गोष्ट मी सुनेला कधी बोलले नाही, ती इथे लिहिते. ती संध्याकाळी कामावरून आली की चप्पल काढता काढता पहिला प्रश्न विचारी, "आई, आज किती जेवला?" तिचा हेतू चांगलाच होता, पण मला दुपारी बारापासून त्या प्रश्नाची धास्ती असे. "दोनच घास खाल्ले" असे सांगायची मला लाज वाटे, जणू दिवसभराची माझी परीक्षा त्या वाटीवर ठरत होती. मग मी मोबाइल लावी, वाटी रिकामी करी, आणि संध्याकाळी सांगे, "छान जेवला." आमच्या घरात मोबाइल नातवाच्या हट्टामुळे आला नाही, तो या हिशेबामुळे आला. तुम्ही सासूबाईंना नियम कसा सांगावा असे विचारले आहे. माझे म्हणणे असे की नियम सांगू नये. महिनाभर "किती खाल्लं?" हा प्रश्न तेवढा विचारू नये, आणि त्यांना स्पष्ट सांगावे की, "तिने एखादे जेवण सोडले तरी मी तुम्हाला विचारणार नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." पुढचे बरेचसे त्या स्वतःच करतील.

बालवाडीच्या बाईंचे एक म्हणणे मात्र मला पटले नाही. भरवण्यात काही गैर आहे असे त्यांच्या लिहिण्यावरून वाटते. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करीत आम्ही मुले वाढवली. आजीच्या हातचा वरण-भात हे केवळ अन्न नसते.

उत्तर : शनिवार पेठेतील वाचक

आता मला एक प्रामाणिक शंका आहे. चिऊ-काऊ दाखवून, बोट आभाळाकडे करून, तोंड उघडले की घास आत सारणे, आणि मोबाइल दाखवून तेच करणे, यात तत्त्वतः फरक कोणता? दोन्हीकडे मुलाची फसवणूकच आहे. निदान मोबाइलमध्ये कावळा प्रत्येक वेळी येतो.

उत्तर : बालवाडीच्या निवृत्त बाई

शंका योग्य आहे आणि मी तिच्यावर पूर्वी बराच विचार केलेला आहे. फरक असा की चिऊ-काऊची गोष्ट सांगणारे माणूस मुलाच्या तोंडाकडे पाहत असते. मुलाने मान फिरवली की गोष्ट थांबते, मूल हसले की लांबते, "काऊ कुथे गेला?" असे विचारले की तिला वेगळी वाट फुटते. या बोलण्यात मूल शब्द शिकते आणि पोट भरले हे सांगायलाही त्याला जागा राहते. चित्रफीत मुलासाठी थांबत नाही. ती लावली की भरवणाऱ्याचीही नजर मुलाच्या चेहऱ्यावरून वाटीवर जाते. तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे. गच्चीत, जिन्यात, गाड्या दाखवत, अर्धा तास मुलाच्या मागे वाटी घेऊन फिरणे हा मोबाइलचाच जुना अवतार आहे, आणि तो आपल्या पिढीने पुष्कळ वापरला.

आजींना सांगावेसे वाटते की भरवण्याला माझा विरोध नाही. पहिले काही घास मुलीने स्वतः खावेत आणि नंतर कंटाळली तर आजीने चार भरवावेत. पण तिने तोंड मिटले की पाचवा घास आजीने स्वतः खावा.

उत्तर : भोसरीचा बाबा

आमच्या मुलाची हीच सवय आम्ही गेल्या वर्षी मोडली, तेव्हा तो पावणेतीन वर्षांचा होता. मी पाळीत काम करतो, त्यामुळे आठवड्याआड दिवसभर घरी असतो. त्या दिवसांतला अनुभव जसाच्या तसा लिहितो, कारण "बंद करा" असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण बंद केल्यावर दुपारी एक वाजता घरात काय होते ते कोणी सांगत नाही.

हळूहळू कमी करण्याचा प्रयत्न आम्ही आधी केला होता. दोन गाण्यांऐवजी एक, मग आवाज बंद, मग मोबाइल लांब ठेवणे. त्याचा उपयोग झाला नाही, कारण मोबाइल घरात दिसतो आहे आणि मिळत नाही, एवढेच त्याला कळत होते, आणि प्रत्येक घासाला नवी वाटाघाट होत होती. मग एका सोमवारी आम्ही ठरवले की जेवणाच्या जागी कोणाचाच मोबाइल येणार नाही. "कोणाचाच" या शब्दाने माझी पंचाईत केली. मी स्वतः जेवताना क्रिकेटचे तुकडे पाहत असे, आणि मुलाने ती सवय कोठून उचलली हे मला तोपर्यंत सुचलेही नव्हते.

पहिल्या दिवशी दुपारी तो चाळीस मिनिटे रडला. ताटाला हात लावला नाही. आम्ही दोघे आमचे जेवलो, त्याला जवळ घेतले, पाणी दिले, आणि ताट उचलून ठेवले. मधल्या वेळेत बिस्किट दिले नाही, हे सर्वांत कठीण गेले. चार वाजता त्याने अर्धे केळे खाल्ले. रात्री पुन्हा रडणे, पण वीसेक मिनिटे. दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट गेला, त्याने वाटी फेकली. तिसऱ्या दिवशी माझी आई गावाहून फोनवर मला म्हणाली, "पोराला उपाशी मारतोस काय?" चौथ्या दिवशी त्याने चार-पाच घास खाल्ले. पाचव्या दिवशी मी पिठले-भाकरी खात असताना तो माझ्या ताटाशी आला, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि उभ्या उभ्याच अर्धी भाकरी खाऊन गेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि काही बोललो नाही, कारण कौतुक केले असते तर त्याने तिथेच थांबवले असते, अशी आमची खात्री होती.

पूर्ण घडी बसायला तीन आठवडे लागले. मध्ये चिंचवडला वास्तुशांतीच्या जेवणाला गेलो असता कोणीतरी त्याच्या हाती मोबाइल दिला, आणि पुढचे दोन दिवस पुन्हा रडण्यात गेले. केस कापायच्या खुर्चीत मात्र अजूनही मोबाइल लागतो. तिथे आम्ही हरलो आहोत, आणि महिन्यातून एकदा हरायला माझी हरकत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कोथरूडची आई

सर्वांचे मनापासून आभार. सहकारनगरच्या आजींचे लिहिणे मी दोनदा वाचले. मीही चप्पल काढता काढता नेमका तोच प्रश्न विचारते. हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

या शनिवारपासून दुपारच्या जेवणाने सुरुवात करायचे ठरवले आहे. फक्त एक भीती आहे. भोसरीच्या बाबांचा मुलगा दोन दिवस जवळपास उपाशी राहिला, तसे झाले तर माझ्या मुलीचे वजन उतरेल का? ती मुळातच अंगाने बारीक आहे.

उत्तर : आहारतज्ज्ञ, एरंडवणे

आपल्या मुलीला मी पाहिलेले नाही, त्यामुळे हे लिहिणे म्हणजे तपासणी नव्हे, एवढे आधी सांगते. पण आपण दिलेल्या माहितीतच आपल्या भीतीचे बरेचसे उत्तर आहे.

पहिल्या वर्षात तिचे वजन २ किलो ८०० ग्रॅमवरून साडेआठ किलोपर्यंत गेले, म्हणजे तिपटीला पोहोचले. पुढच्या चौदा महिन्यांत ते २ किलो ४०० ग्रॅमने वाढले. घरातल्या माणसांना वाटते की मूल खायचे थांबले आणि हडकले, पण वाढीचा वेग दुसऱ्या वर्षापासून सर्वच मुलांचा मंदावतो. दोन ते पाच या वयात वर्षाला साधारण दोन किलो वाढ अपेक्षित असते. वेग कमी म्हणून भूक कमी, आणि एक दिवस भरपूर तर दुसरा दिवस नाममात्र खाणे हेही या वयाचेच लक्षण आहे. शिवाय याच सुमारास मूल चालू-पळू लागते, गालांवरची सूज उतरून ते लांबोडके दिसू लागते, आणि त्यालाच आपण हडकणे म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावर तिचे आताचे वजन सर्वसाधारण पट्ट्यात बसते. दोन जेवणे चुकल्याने त्यात फरक पडणार नाही.

मला खरी अडचण वेगळीच दिसते, आणि ती आतापर्यंत कोणी मांडलेली नाही. आपली मुलगी दिवसातून तीन बाटल्या दूध पिते. बाटली २५० मिलिलीटरची धरली तर ते पाऊण लिटर झाले, आणि रात्रीच्या पोळीतले दूध वेगळे. गाईच्या पाऊण लिटर दुधातून साडेचारशे ते पाचशे किलोकॅलरी मिळतात. या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच हजार-अकराशेच्या आसपास असते. निम्मे पोट दुधाने भरल्यावर साडेबाराच्या वरण-भाताला भूक उरत नाही, आणि भूक नसलेल्या मुलाला खाऊ घालण्यासाठी मोबाइल लागतो. दुधात लोह फार थोडे असते, आणि जास्त दूध पिणाऱ्या मुलांत रक्त कमी असण्याचे प्रमाण मी माझ्या कामात सतत पाहते. रक्त कमी असले की भूक आणखी मंदावते, असे हे चक्र आहे. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना हिमोग्लोबिन तपासण्याविषयी अवश्य विचारावे.

दूध दिवसाला चारशे-पाचशे मिलिलीटरवर आणावे आणि बाटलीऐवजी पेल्यातून द्यावे. झोपताना बाटली तोंडात असली की दात किडतात, त्यामुळे ती जावी, पण ती सर्वांत शेवटी सुटेल. दोन खाण्यांमध्ये किमान दोन-अडीच तासांचे अंतर ठेवावे आणि त्या वेळात पाण्याशिवाय काही देऊ नये. ताटात सुरुवातीला दोन मोठे चमचे भात पुरे. रिकामे ताट पाहून मूल "आणखी" म्हणते, भरलेले पाहून तोंड फिरवते. अर्ध्या तासाने ताट उचलावे, रागावून नव्हे, जेवण संपले म्हणून. नवी भाजी पहिल्यांदा नाकारली म्हणून सोडू नये. दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्यावर कधीतरी मूल ती चाखते. वरणावर लिंबू पिळावे, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतले आणि पालेभाजीतले लोह शरीराला अधिक मिळते.

आपण लिहिले आहे की ती घास गालात धरून ठेवते आणि एकदम गिळते. लक्ष दुसरीकडे असताना घास अडकण्याचा धोका वाढतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे या वयाला देऊच नयेत. शेंगदाण्याचे कूट करावे, द्राक्षाच्या उभ्या चार फोडी कराव्यात.

पडद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेली मर्यादा अशी आहे की दोन वर्षांच्या आत पडदा नसावा, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा, त्याहून कमी असल्यास उत्तम. तीन जेवणांना पाऊण-पाऊण तास धरला तर आपल्याकडे तो सव्वादोन तास होतो.

मात्र वजन उतरत असेल, प्रत्येक घासाला उलटी किंवा ठसका येत असेल, मूल माती-खडू खात असेल, किंवा मोजक्या दोन-तीन पदार्थांपलीकडे काहीच चालत नसेल आणि बोलणेही मागे असेल, तर मग हे सवयीचे प्रकरण समजू नये. तेव्हा डॉक्टरांकडेच जावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर, सहा आठवड्यांनंतर : कोथरूडची आई

काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून लिहिते.

दुधाचा मुद्दा वाचून मी चकित झाले, कारण दूध हे आमच्या घरात अन्नात मोजलेच जात नव्हते. "काही खाल्लं नाही, नुसतं दूध प्यायली" असे आम्ही रोज म्हणत होतो. आधी आठवडाभर फक्त पाच वाजताची बाटली बंद करून पेला दिला आणि दूध कमी केले. मोबाइलला अजून हात लावला नव्हता. त्या आठवड्यातच रात्रीच्या जेवणाला तिने दोनदा स्वतःहून "पोई" मागितली. मग शनिवारी दुपारी मोबाइल बंद केला. तिने अर्धा तास आकांत केला आणि शेवटी सासूबाईंच्या मांडीवर झोपून गेली. उठल्यावर भात खाल्ला, तोही गार. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि माझ्याही, पण आम्ही एकमेकींना ते दिसू दिले नाही.

सोमवारी बसमध्ये बसल्यावर दहा वेळा फोन करावासा वाटला. केला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर विचारले, "आज काय काय झालं?" सासूबाईंनी कबुतराच्या पिसाची एक लांबलचक हकिकत सांगितली आणि तिच्या ओघात, न विचारता, म्हणाल्या की दुपारी चारच घास खाल्ले. पूर्वी त्या असे कधीच सांगत नसत.

आता बहुतेक जेवणे पंचवीस मिनिटांत होतात. दूध चारशेवर आले आहे. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, त्याचे औषध चालू आहे. वजन ११ किलो १०० ग्रॅम आहे. भाज्यांचे विचाराल तर दुधी अजूनही वरणातून शोधून ताटाच्या कडेला लावला जातो. झोपतानाची बाटली आठवड्यातून दोन-तीनदा जिंकते. पण मला अनपेक्षित वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. पूर्वी सासूबाई तिला भरवून, झोपवून, दोन वाजता ओट्याशी उभ्या राहून गार जेवण जेवत होत्या. नऊ-दहा महिने हे चालले होते आणि आम्हा दोघांना त्याचा पत्ताही नव्हता. आता साडेबाराला त्यांचे ताट तिच्या ताटाशेजारी असते.

एकच प्रश्न उरला आहे. यजमान महिन्यातले आठ दिवस बंगळूरला असतात आणि नेमके रात्रीच्या जेवणाच्या वेळी चित्रसंवाद करतात. बाबा दिसले की घास तोंडातच राहतो. याला पडदा म्हणावे की नाही?

उत्तर : सहकारनगरची आजी

बाबांना पडदा कसा म्हणणार? पण त्यांना साडेआठऐवजी नऊला फोन करायला सांगावे, म्हणजे हात धुऊन झालेले असतील आणि मुलीला आज काय जेवलो ते सांगताही येईल.

दुधीचे म्हणाल तर तो वरणात घालू नका, तिथे तो सापडतोच. किसून, पाणी न पिळता, त्यात मावेल तेवढे ज्वारीचे पीठ आणि दोन चमचे बेसन, जिरे, चिमूटभर हळद आणि मीठ घालून पातळसर भिजवावे आणि लोखंडी तव्यावर तुपात लहान लहान धिरडी घालावीत. तिखट अजिबात नको. पहिले धिरडे नेहमी बिघडते, ते आपण खावे.